खांदे मोजणारे गुरुजी

दिवाळी ते गुढीपाडवा या दिवसांत गावात कुणी मरायचं नाही, असा आमच्या मुख्याध्यापकांचा हुकूम होता. ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन ट्रक गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी ते चावडीपुढं उभे राहत आणि मागं उरलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना खणखणीत आवाजात बजावत, "पाडव्यापतुर कुणी जायचं न्हाई. पोरं परत आल्यावर काय करायचं ते करा. ज्याला लईच घाई हाय त्यानं आधी मला येऊन सांगायचं." म्हातारे हसत. एखादी म्हातारी बोळकं पसरून म्हणे, "गुर्जी, यमाला बी सांगा की." त्यावर ते अजिबात न हसता म्हणत, "त्येचा नंबर दे, लावतो फोन."

मी त्या गावात रुजू झाले तेव्हा हा हुकूम नुकताच सुटलेला होता. लिंबागणेशच्या पुढच्या फाट्यावर बसमधून उतरले, बॅग ओढत गावात शिरले, तर गल्लीतून हजेरीचा आवाज येत होता. "मथुराबाई?" "हाजर, गुर्जी." "किसनतात्या?" "हाजर." मला वाटलं, इथं शाळा रस्त्यावरच भरते की काय. कोपऱ्यावरून वळले आणि जागच्या जागी थांबले. टोपी घातलेला एक उंच, वाळका माणूस बगलेत शाळेचा हजेरीपट धरून दारोदार फिरत होता आणि आतून साठ-सत्तर-ऐंशी वर्षांची माणसं ओ देत होती. आजाऱ्याच्या नावापुढं तो 'आ' लिहीत होता. लेकीकडं गेलेल्यापुढं 'र', म्हणजे रजा. रजेचा अर्ज तोंडी दिला तरी चालत असे, पण द्यावा लागे.

हेच आपले मुख्याध्यापक, हे कळल्यावर मी शाळेच्या पायरीवर बसून चक्क रडले. सरकारी नोकरी लागली म्हणून आईनं गल्लीत पेढे वाटले होते, आणि नोकरी कुठं, तर या माणसाच्या हाताखाली.

आमची शाळा दोन शिक्षकी. मी आणि ते. आईबापांबरोबर उसाच्या फडावर न गेलेली, आजी-आजोबांपाशी ठेवलेली पोरं तेवढी वर्गात असत. त्यांची हजेरी पाच मिनिटांत उरके. म्हाताऱ्यांच्या हजेरीला पाऊण तास लागे, आणि ते संपल्याशिवाय मुख्याध्यापक परिपाठाला येत नसत. मी एकदा फणकाऱ्यानं म्हणाले, "सर, आपण शाळेचे शिक्षक आहोत की वृद्धाश्रमाचे?" ते म्हणाले, "सध्या शाळेचे, बाई. पट बघा की दोन्हीकडचा. कुठला वाढतोय?"

वय हा त्यांचा छंद नव्हता, व्यसन होतं. बारशाला गेले तर पाळण्यात डोकावून आईला विचारत, "ही साठीला टेकंल तवा हिच्या मागं माणसं किती उरतील, काई इचार केलाय का?" एका सासूनं हे ऐकून त्यांच्या हातातली घुगऱ्यांची वाटी काढून घेतलेली मी पाहिली आहे. लग्नाच्या वरातीत ते नाचणाऱ्यांची गणती करत. "ह्यातले पुण्याचे किती? धा? मग ते धा सोडून बोला. ते पाव्हणे हायत, खांदे न्हाईत."

खांदे हा त्यांचा खास शब्द, आणि त्याचा अर्थ मला जरा उशिराच कळला. एक दिवस त्यांनी मला कपाटातली जाड वही दाखवली. डाव्या पानावर गावातल्या एकेका साठीपुढच्या माणसाचं नाव. उजव्या पानावर चार ओळी, आणि ओळीओळीला एकेक नाव. हा माणूस हंगामात गेला तर तिरडीला कोण कोण खांदा देईल, ते आधीच लिहून ठेवलेलं. जिवंत माणसांची! त्यातली दोघं तर तेव्हा आमच्यासमोर शाळेच्या भिंतीला टेकून ऊन खात बसली होती.

"सर, हे अभद्र आहे," मी म्हणाले.

"अभद्र कावून? परीक्षेच्या आधी बैठक व्यवस्था लावतो का न्हाई आपण? तसंच हाय."

मग त्यांनी मला नियम समजावून सांगितले. मुलगा खांद्यात धरायचा नाही, कारण मुलगा पुढं मडकं धरून चालतो. नवखा माणूस इथंच चुकतो, असं ते म्हणाले. जणू काही या विषयात नवखे आणि मुरलेले असे दोन वर्गच होते. साठीपुढचा माणूस खांद्यात धरायचा नाही. मुक्कामाला नसलेला अर्धा धरायचा. गावात रोज नेकनूरहून येऊन-जाऊन असणारा वायरमन त्यामुळं प्रत्येक पानावर अर्धा होता. हंगामात कायम असणारे पुरे खांदे म्हणजे किराणा दुकानवाले अप्पा, देवळातला गुरव आणि ते स्वतः. त्यांचं नाव अकराच्या अकरा पानांवर होतं.

मी त्यांना चिडवलं, "एकच खांदा अकरा जणांना पुरतो की, सर. झिजतो थोडाच?"

"आन् एका दिवशी दोघं गेले तर?" त्यांनी खऱ्याखुऱ्या काळजीनं विचारलं.

पेपरात देशाच्या लोकसंख्येविषयी काही आलं की ते कात्रण कापून ठेवत. शतकाच्या मध्यावर देशात दर पाचातला एक माणूस साठीपुढचा असेल, अशी एक बातमी त्यांनी ऑफिसच्या भिंतीला खळीनं चिकटवली होती. ती वाचून ते दर वेळी तितकेच अचंबित होत. "तवर जायला अजून पंचवीस वर्षं हायत म्हणं! आन् आपलं गाव दरसाल दिवाळीला म्हातारं होतंय, बाई. देशाला जे म्होरं बघायचंय त्येची हितं रंगीत तालीम चालू हाय. बघाया कावून कुणी येत न्हाई?"

मी म्हणे, "कारण इथं बस येत नाही, सर." मला तेव्हा असं बोलण्यात मोठी हुशारी वाटायची.

त्यांनी गावापुरतं आपलं भाकीतही केलं होतं. शाळेच्या मागच्या भिंतीवर तैलरंगात तक्ता काढला होता आणि त्यात शेवटी एक साल लाल रंगात लिहिलं होतं. सगळी पोरं फडावरून परत आली तरी एका म्हाताऱ्यामागं चार खांदे भरणार नाहीत, असं ते साल. अजून पंधरा वर्षं होती त्याला. त्याला ते 'उलटं साल' म्हणत. तोवर काहीतरी होईल, असा त्यांचा विश्वास होता. काय होईल, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

हे सगळं ते कागदावरच्या वयावर करत नसत. आधार कार्डावरच्या, नोंदणीच्या कॅम्पात अंदाजानं लिहिलेल्या वयाला तर ते तुच्छतेनं 'कॅम्पातलं वय' म्हणत. म्हाताऱ्यांची वयं त्यांनी उलटतपासणी घेऊन काढली होती. "रझाकाराच्या वक्ताला चालत व्हतीस का रांगत व्हतीस?" "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली का नुसती सुकडी खाल्ली?" सुकडी म्हणजे त्या वेळी कामावर मिळायचं ते गोड पीठ. खडी फोडली असेल तर दहाच्या पुढचं, घमेलं उचललं असेल तर बाराच्या पुढचं, असा हिशोब होता. म्हातारी माणसं या प्रश्नांना रंगून उत्तरं देत. आपलं खरं वय कुणीतरी इतक्या आस्थेनं शोधतंय, याचं त्यांना अप्रूप होतं.

माझ्या तिसऱ्या वर्षी संक्रांतीनंतर चारेक दिवसांनी सकाळच्या हजेरीला किसनतात्यांची ओ आली नाही.

तात्या जन्मभर मेंढरं राखलेले. दोन्ही मुलं सुनांसह उसाला गेलेली. मुख्याध्यापकांनी फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू जावा म्हणून स्पीकरवर टाकला.  पलीकडून थोरला म्हणाला, "गुर्जी, मुकादम गाडी देईना. उद्या दुपारपतुर पोचतो. थांबता का?" मागून धाकट्याचा रडण्याचा आवाज येत होता. मुख्याध्यापकांनी तात्यांकडं पाहिलं. म्हातारा पहाटेच कधीतरी गेला होता. "न्हाई थांबता यायचं, बाबा," ते म्हणाले. थोरला मग म्हणाला, "तुमीच घ्या मग उरकून." बापाला उरकून घ्या म्हणणारा तो पोरगा मला त्या क्षणी राक्षस वाटला. नंतर त्याला पाडव्याला बघितलं, तेव्हा तो तात्यांच्या रिकाम्या दारात बसून होता, दोन दिवस.

मडकं धरायला तात्यांचा पुतण्या होता, तोही साठीपुढचा. खांद्याला अप्पा आले, गुरव आला, मुख्याध्यापक होतेच. वायरमन मात्र त्या दिवशी वरच्या वस्तीवर खांबावर चढलेला, फोन उचलत नव्हता. तीन खांदे. तिरडी बांधून झाली होती आणि सगळे उभे होते. मी मुलांना शाळेत बसवून तात्यांच्या ओट्याशी आले होते. मथुरामायनं माझ्याकडं पाहिलं. ही तात्यांच्या शेजारची म्हातारी, मुलगा-सून फडावर, घरात एकटीच. ती म्हणाली, "बाई, पदर खोचा आन् या हिकडं."

मी इकडंतिकडं पाहिलं. आमच्याकडं बायका स्मशानाच्या वाटेलाही जात नाहीत. पण तिथं माझ्याएवढं धडधाकट दुसरं कुणीच नव्हतं. ही गोष्ट मला वहीतून तीन वर्षांत कळली नव्हती, ती तिथं उभं राहिल्यावर एका नजरेत कळली. मी पदर खोचला.

मी ठेंगणी, त्यामुळं तिरडी माझ्या बाजूला कलत होती. माझ्या पुढं मुख्याध्यापक होते. ओढ्याच्या चढाला त्यांची मान थरथरायला लागली. विसाव्याला तिरडी एकदाच टेकवतात. आम्ही तीनदा टेकवली. तिसऱ्या वेळी ते गुडघ्यावर बसले ते लवकर उठेचनात. ओठ निळसर झाले होते. मला तात्यांपेक्षा त्यांचीच भीती वाटली.

आम्ही परतलो तेव्हा मथुरामाय कडुलिंबाचा डहाळा घेऊन वेशीत उभी होती. मुख्याध्यापकांना पाहताच ती कडाडली, "तुला कुणी सांगितलंतं रं खांदा द्याया? माझ्या बरोबरीचा तू!"

"मी अजून अठ्ठावनचा बी न्हाई, माय."

"कुणापुढं बोलतो? बहात्तरला सुकडीच्या रांगंत माझ्या फुडं हुबा व्हतास. डोईवर घमेलं व्हतं तुझ्या. मला शिकवतो व्हय!"

 मी मनात त्यांचाच हिशोब लावला. घमेलं उचललं म्हणजे बाराच्या पुढचं.  हा माणूस कागदावर पुढच्या एकतीस मेला निवृत्त होणार होता आणि प्रत्यक्षात केव्हाच साठी ओलांडून बसला होता. अकरा जणांचा पुरा खांदा!

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले, पण हजेरीला गेले नाहीत. ऑफिसात बसून म्हणाले, "दुष्काळ सरल्यावर माझ्या बानं मला शाळंत घातलं. मास्तर म्हणले, पहिलीत हाय म्हणजे सहाचा. जन्मतारीख एक जून. झालं." मग त्यांनी कपाटातून शाळेचं जुनं दाखल रजिस्टर काढलं आणि माझ्यापुढं उघडलं. पानामागून पान. एक जून, एक जून, एक जून. सगळं गाव एकाच दिवशी जन्मलेलं. आधी त्यांच्या मास्तरांच्या अक्षरात, मग त्यांच्या स्वतःच्या.

"मी बी तेच केलं, बाई. वरून दोन-तीन वर्षं कमीच लिवायचो. पोराला भरतीला तेवढीच दोन वर्षं जास्त मिळतील म्हणून. नोकरी कुणालाच लागली न्हाई. वय तेवढं कमी ऱ्हायलं."

चूक कुठं झाली ते आता त्यांना दिसत होतं आणि मलाही. डाव्या पानावरच्या म्हाताऱ्यांची वयं त्यांनी दुष्काळावरून, रझाकारावरून पारखून घेतली होती. उजव्या पानावरचे खांदे मात्र शाळेच्या दाखल्यावरून घेतले होते. दाखला खोटा असेल असं त्यांच्या मनातच आलं नाही, कारण तो मास्तरानं दिलेला होता.

तो रविवार त्यांनी एकेक नाव परत तपासण्यात घालवला. सोमवारी सकाळी मी शाळेत गेले तर ते मागच्या भिंतीपुढं ब्रश घेऊन उभे होते, पण रंग लावत नव्हते.

"किती साल आलं, सर?" मी विचारलं. हसत विचारलं, सवयीनं.

"ते साल गेलं, बाई."

"म्हणजे?"

"येऊन गेलंय. दोन वर्षं झाली. आपल्याला पत्ता लागला न्हाई." त्यांचा चेहरा परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा झाला होता. "आन् ह्ये आपल्याच गावात झालं असंल व्हय? गावोगावचे मास्तर आमीच. देश कागदावर हाय त्येच्यापेक्षा म्हातारा हाय, आन् लिवणाऱ्याला सोडून कुणाला ठावं न्हाई."

 तीन वर्षं ज्या माणसाला मी वेडा समजत होते, तो चुकला होता तो फक्त आशेच्या बाजूनं. भिंतीवरची पंधरा वर्षं मला त्या दिवशी पहिल्यांदा हवीशी वाटली, आणि ती नव्हतीच.

मग त्यांनी वही उघडली. नव्या पानावर डाव्या बाजूला स्वतःचं नाव लिहिलं, शांतपणे, वळणदार अक्षरात. उजवीकडं पहिल्या ओळीत अप्पा. दुसरीत गुरव. तिसरीत वायरमन, आणि कंसात अर्धा. चौथ्या ओळीवर पेन टेकवून ते थांबले आणि माझ्याकडं पाहिलं. विचारलं काहीच नाही. त्यांच्यासारखा माणूस कुणाला तसं विचारणार नाही.

माझ्या पर्समध्ये आठ दिवसांपासून आंतरजिल्हा बदलीचा आदेश होता. सत्र संपलं की कार्यमुक्त. मी तो त्यांना दाखवला नव्हता, योग्य वेळ बघत होते.

"लिहा," मी म्हणाले.

त्यांनी माझं नाव लिहिलं आणि खाली रेघ ओढली. त्यांना इतकं हलकं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते म्हाताऱ्यांच्या हजेरीला परत गेले. बदलीचं मी त्यांना एप्रिलमध्ये सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं झालं, बाई. घरच्यांजवळ जाताय." वहीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मी तर नाहीच नाही. एकतीस मेला त्यांच्या निरोप समारंभाला मी गेले नाही. सामान हलवायचं होतं.

पुढच्या हंगामात, ऐन थंडीत, अप्पांचा फोन आला. सकाळचे दहा वाजले होते. गुरुजी गेले, हजेरी घेताघेता मथुरामायच्या ओट्यावर बसले आणि तिथंच गेले. नव्या शाळेत त्या दिवशी केंद्रप्रमुखांची भेट होती, म्हणून मला निघता आलं नाही. हे कारण मी त्या दिवसात स्वतःलाच तीनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले.

अप्पांनी सगळं सांगितलं. मुलगा पुण्याहून दोनपर्यंत आला, त्यानं मडकं धरलं. वायरमन योगायोगानं गावात होता. तरी तीनच. आमच्या दोघांच्याही जागी अजून कुणी शिक्षक आलेलं नव्हतं, आणि राहिलेल्या बायकांनी म्हटलं, आमी धरतो, पण त्यांच्यानं उचलेना. "शेवटी टॅक्टर लावला, बाई. मीच चालवला," अप्पा म्हणाले आणि दुसरीकडं बघू लागले. ट्रॉलीत ठेवून नेलं. ओढ्याच्या खडकाळ वाटेनं, हादरे खात. गावानं आजवर कुणालाच असं नेलं नव्हतं.  एक माणूस, फक्त एक माणूस कमी पडला, आणि तो कोण ते मला ठाऊक होतं.

मी मथुरामायच्या ओट्यावर जाऊन बसले. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं आतून ती जाड वही आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "शेवटाला त्येच्या हातात व्हती. मला वाचता येत न्हाई. माझं पान काढ, बाई."

मी तिचं पान काढलं. अप्पा, गुरव, अर्धा वायरमन. चौथ्या ओळीत त्यांनी स्वतःचं नाव खोडलं होतं आणि वर, जागा अपुरी पडली म्हणून बारीक अक्षरात, माझं लिहिलं होतं. मी मागचं पान उलटलं, पुढचं उलटलं. किसनतात्यांचं सोडून सगळीकडं तेच. दहा पानं, दहा वेळा मी, आणि त्यांच्या स्वतःच्या पानावर अकरावी. बदली कळल्यावरही त्यांनी एकही खोडलं नव्हतं.

"कोण कोण हाय?" मथुरामायनं विचारलं.

"अप्पा," मी म्हणाले. "गुरव. वायरमन."

"आन् चौथं?"

मी वही उजेडाकडं वळवली.

"चौथं कोण हाय, बाई?" तिनं पुन्हा विचारलं, आणि मला माझंच नाव वाचता येईना.